ब्रेकवरचा बूट

रविवार, ४ जानेवारी

आज सकाळी उठल्याबरोबर मी आधी गॅरेजचं शटर वर केलं आणि मग देवाला नमस्कार केला. एकोणपन्नास वर्षांत हा क्रम पहिल्यांदाच चुकला. देव समजूतदार आहे. इतकी वर्षं माझं ऐकून घेतलं, एक दिवस पाच मिनिटं थांबला असेल.

कालच या घरात सामान लागलं. पंपघरात फोरमन म्हणून बदली, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आणि घराला चिकटून गॅरेज. घरमालकीणबाई शेजारीच राहतात. त्या म्हणाल्या, भाऊ, गॅरेज हवं तर आतल्या धुडासकट घ्या, नाहीतर राहू द्या. धूड म्हणजे लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल अशी जुनी स्पोर्ट्‌स कार. गावच्या शाळेत असताना असल्या गाडीचं चित्र मी वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. गुरुजींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

बाईंचे यजमान अकरा वर्षं हिची दुरुस्ती स्वतःच करत होते. एकदाही चालू झाली नाही. गेल्या वर्षी तिच्यातच बसल्या बसल्या गेले, पाय ब्रेकवर ठेवून. बाहेर काढताना उजवा बूट तिथेच राहिला, तो अजून आहे, हे बाईंनी भाजी महागली म्हणावं तसं सांगितलं. त्यांच्या हाताला यश नव्हतं हो, असंही म्हणाल्या.

यश नव्हतं हे फारच सौम्य झालं. मी बॉनेट उघडलं आणि मला हसू आवरेना.

बायको दारात उभी राहून म्हणाली, आली का सवत घरात? निदान भांडी तरी घासायला लावा तिला. आमची कन्या एकोणीस वर्षांची. तिने पहिली फेरी आपली, तीही बाजूच्या सीटवर बसून, असं जाहीर करून टाकलं. बाजूला सीटच नाही. नुसता पत्रा आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

रोज पंपघरातून आलो की दोन तास गाडीपाशी. या गृहस्थाला मी मनात ‘महाशय’ म्हणू लागलो आहे. महाशयांच्या चुकांची मी वहीत यादी केली आणि दुरुस्त झालेली एकेक चूक लाल पेन्सिलीने खोडतो. गुरुजींचीच सवय.

पेट्रोलच्या नळीत लाकडी बूच. नळी गळत असेल तर शहाणा माणूस नळी बदलतो, महाशयांनी आतून बूच मारलं. अॅक्सिलरेटरच्या केबलला तांब्याच्या तारेचे वेढे, मोजून एकशे आठ. दुरुस्ती करत होता की जप? गिअरच्या दांड्याखाली पाचर. हँडब्रेक ओढून त्याच्या नटाचे आटे ठोकून ठोकून मारून टाकलेले, म्हणजे तो जन्मात सुटू नये. चारी चाकं विटांवर. इंजिनात मात्र एकही खोट नाही! जे धडधाकट होतं त्याच्या हातापायात या माणसाने बेड्या घातल्या आणि त्याला दुरुस्ती म्हटलं.

गंमत अशी की काम अतिशय सुबक. बूच घासून गुळगुळीत केलेलं, तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, पाचरीच्या फटीत नख जाईना. सुंदर अक्षरात लिहिलेलं चुकीचं गणित. असल्या माणसाला आमच्या पंपघरात मी झाडू मारायलाही ठेवला नसता.

चाकांखालच्या विटा काढल्या, हँडब्रेकचा नट कापला. बूच आणि पाचर शेगडीत टाकली. तार भंगारवाल्याला दिली. बूट चिकटलेला नव्हता, तरी ब्रेकवरून निघेना. शेवटी पान्याने उचकटला आणि कचऱ्यात टाकला. मेल्यावरही या माणसाची लुडबुड चालूच.

रविवार, ११ जानेवारी

पहिल्या किल्लीला चालू! अकरा वर्षं विरुद्ध सात दिवस. प्रार्थनेला बसलो तरी कानात तेच इंजिन.

बाजूची सीट माळ्यावर सापडली. उलटी करून, तोंड भिंतीकडे, तारेने आवळून बांधलेली, जणू चोरच पकडलाय. चार बोल्ट मारले आणि बसवली. कन्येने लगेच बसून पाहिलं. म्हणाली, बाबा, ही गरम कशी?

उन्हाने, दुसरं काय.

इंजिनाच्या आवाजाने घरमालकीणबाई कुंपणापाशी आल्या. पांढऱ्याफटक दिसत होत्या. आत गेल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. साहजिक आहे. नवऱ्याचं अज्ञान मी असं चव्हाट्यावर आणलेलं कुठल्या बाईला आवडेल?

बुधवार, १४ जानेवारी

गाडी शटरच्या दिशेने वीतभर पुढे आलेली. गॅरेजची फरशी आतल्या बाजूला उतरती आहे, म्हणजे ही चढावर आली. मी कन्येवर ओरडलो. तिने शपथ घेतली की हात लावलेला नाही. बायको म्हणाली, माझ्याकडे बघू नका, मला पोळपाट ढकलायला वेळ नाही.

चाकांपुढे लाकडी ठोकळे ठेवले.

बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीटवर कुणी नसताना पट्टा कोण लावतं? नव्या पिढीचा वेंधळेपणा.

शुक्रवार, १६ जानेवारी

ठोकळे मधोमध चिरलेले. गाडी दोन विती पुढे. सकाळी सहा वाजता बॉनेट गरम.

बॅटरी काढून फळीवर ठेवली. पेट्रोल काढून डब्यात भरलं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. देवावर ठेवतो, तेवढा पुरे.

पट्टा पुन्हा लावलेला.

शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळ

हात अजून कापतो आहे, अक्षर लागणार नाही.

दुपारी कन्या गाडीत बसून काच पुसत होती. मी बाहेर नळावर हात धूत होतो. इंजिनाचा आवाज आला. बॅटरी फळीवर होती. वळून पाहिलं तर गाडी चढ चढून सावकाश बाहेर येत होती. चालकाची जागा रिकामी. बाजूला माझी पोर, पट्टा लावलेली, हसत. तिला वाटलं, मीच काहीतरी करामत करून तिची गंमत करतोय.

तिचं दार उघडेना. मी दुसऱ्या बाजूने आत पडलो आणि ब्रेकवर पाय दाबला. थांबली. पाय जरा सैल केला की निघायची. पट्टा सुटेना. बायको भाजीची सुरी घेऊन धावत आली. माझ्या अंगावरून वाकून पट्टा कापताना म्हणत होती, अहो, पाय हलवाल तर बघा, पाय हलवाल तर बघा.

पोर बाहेर आली आणि इंजिन बंद पडलं. मी तसाच आत बसलेलो. माझ्याशी गाडीला काही कर्तव्य नव्हतं.

ढकलून आत नेली. शटरला दोन कुलपं.

रविवार, १८ जानेवारी

घरमालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मग बोलल्या.

यजमानांची धाकटी बहीण एकदाच या गाडीत बाजूला बसून फिरायला गेली होती. वाटेत रस्त्यावर फांदी पडलेली, ती उचलायला ते उतरले. गाडी त्यांच्या देखत निघून गेली. संध्याकाळी आपल्याच फाटकाशी उभी होती. दारं बंद, पट्टा लावलेला, सीट गरम, आणि सीटवर कुणी नाही. लोक म्हणाले, पोरगी कुणाचा तरी हात धरून गेली. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी आधी ती सीट काढली.

बाई म्हणाल्या, भाऊ, मला वाटायचं, बहिणीच्या दुःखाने डोकं फिरलं आणि दुरुस्तीचा नाद लागला. मीही हसलेच हो त्यांना. गेल्या रविवारी तुमचं इंजिन ऐकलं तेव्हा कळलं, ते काय करत होते.

महाशय म्हणत होतो मी त्यांना. शी.

सोमवार, १९ जानेवारी

चुकणाऱ्याचा हात कापतो. तीस वर्षं माणसांची कामं तपासतो आहे, एवढं मला कळायला हवं होतं. त्यांचा हात कुठेही कापलेला नाही. एकेक बेडी विचार करून घातलेली, आणि मी यादी करून, लाल पेन्सिल घेऊन एकेक सोडवली. गुरुजी खोडायचे, पण आधी पूर्ण वही वाचायचे. मी त्यांची पेन्सिल तेवढी उचलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रजा काढून दिवसभर बूच, पाचर, तार. त्यांच्यासारखंच सगळं केलं.

भंगारवाल्याला बोलावलं, तोडून न्या म्हटलं. त्याने बॉनेट उघडलं आणि माझीच पाठ थोपटली. साहेब, असलं इंजिन तोडलं तर पाप लागेल, हात सोन्याचा आहे तुमचा. गेला. त्यांची जुनी तार विचारली. वितळवली म्हणे.

मंगळवार, २० जानेवारी

बूच गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं. पाचरीचा भुसा. तार तुटून —

त्यांचं अकरा वर्षं टिकलं. माझं एक रात्र. आणि त्यांचं मी शेगडीत घातलं.

सीट काढायला गेलो. बोल्ट फिरत नाहीत. मीच मारलेले चार बोल्ट.

पहाटे पोर शटरला हात लावून उभी होती. अनवाणी. बायकोने हलवून जागं केलं तर म्हणाली, बाबा हॉर्न वाजवत होते ना.

गाडी आता शटरकडे नाही. वळली आहे. भिंतीला नाक लावून — पलीकडे पोरीची खाट आहे.

ढकलली, मागे हटली नाही, उलट भिंतीला रेटत राहिली. आत बसून ब्रेक दाबला तेव्हा थांबली. ब्रेकवर पाय असला की थांबते. बाकी सगळं तिने मोडलं, पण मी उचकटेपर्यंत तो बूट —

बूट नऊ तारखेलाच कचऱ्याच्या गाडीतून गेला.

बुधवार, २१ जानेवारी

आज आधी देवाला नमस्कार केला. मग शटर आतून लावलं.

पोरीला घेऊन दहाच्या बसने भावाकडे जा, मी मागून येतो, असं बायकोला सांगितलं. खोटं बोललो. तिला कळलं. म्हणाली, वा, सवतीपाशी राहणार आणि मला माहेरी धाडणार. हसली. मग रडली. पोरीचा दंड घट्ट धरून गेली, मागे वळून पाहू दिलं नाही.

केलं. विचार खूप झाला होता, आज केलं.

चालकाच्या जागेवर बसलो आहे. उजवा पाय ब्रेकवर. बूट पेडलला तारेने बांधला. वेढे एकशे आठ. प्रत्येक वेढ्याला देवाचं नाव घेतलं, पहिल्या तीसेक वेढ्यांत त्यांची माफीही मागितली. वेढा वेढ्यावर चढलेला नाही. हात कापला नाही.

वही मांडीवर आहे.

चालू झाली. भिंतीपासून मागे आली आहे. चाकं रस्त्याकडे वळताहेत —

बस. बसचा हॉर्न.

जोर करते आहे. धरला आहे. गुडघ्यापर्यंत बधिर, पण धरला —

बाजूचा पट्टा आपोआप लागला. तिकडे बघत नाही.

बस गेली. आवाज गेला. गेल्या दोघी.

अजून धरला आहे.

हे जो वाचेल तो माझ्यापेक्षा शहाणा असेल. हसायचं तर हसा. पण आधी पूर्ण वाचा. मला बाहेर काढायचं तर काढा, पण बूट —