पाचव्या कप्तानाचा चष्मा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. कंबर धरली आहे, खरंच वाकलो तर मला उभं करायला दोन माणसं लागतील.) तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे मजेत. तुझी भावजय ठणठणीत आहे, आणि तिचा आवाजही. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडता ठेवून दिलं नसशील, असं धरून चालतो. गेली अकरा वर्षं आपण फोनवर हवापाण्यापलीकडे बोललो नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. पण आता गोष्टच तशी घडली आहे. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता 'आकाशगस्त' मित्रमंडळातून मला काढून टाकायचा ठराव येतो आहे. सव्वीस वर्षं मी अध्यक्ष आहे, आपण दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हे मंडळ काढलं, आणि आता मलाच दार दाखवतायत. आधीच सांगून ठेवतो, मी माफी मागणार नाही.

तू अजून 'आकाशगस्त' मालिका बघतेस की नाही ते माहीत नाही (विचारायची हिंमत झाली नाही), म्हणून मुळापासून सांगतो. आपलं यान चौतीस वर्षं उडतंय, पण चौथा कप्तान या वर्षी निवृत्त झाला आणि पाचवा आला. आला म्हणजे आली. साठीची बाई, बुटकी, पिकलेले केस, आणि नाकावर चांगला जाड भिंगांचा चष्मा. फोटो छापून आला त्या दिवशी मंडळात नुसता वणवा पेटला. बाई आहे म्हणून कुणी उघड तोंड उघडलं नाही, कारण सभेचा चहा ज्यांच्या हातून येतो त्याही बायाच. मग सगळा राग चष्म्यावर निघाला. आमचा चिटणीस बस चालवतो, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण गाडीचा बिघडला तरी त्याचा चालू असतो. तो उठून म्हणाला, यान चालवणाऱ्याची नजर घारीसारखी हवी, चष्मेवाल्यांनी घरी बसून विणकाम करावं. आणि मी टाळ्या वाजवल्या. ज्याची चूल तीस वर्षं चष्म्यांवर पेटते त्याने टाळ्या वाजवल्या. अक्कल चरायला जाते म्हणतात ना, माझी त्या दिवशी कळपच्या कळप घेऊन गेली होती.

कलम नऊ तुला सांगायला नको. नवा कप्तान आला की समितीचा निकाल लागेपर्यंत कुणीही पहिला भाग बघायचा नाही, बघितला तर सभासदत्व रद्द. (समितीनेही न बघताच निकाल द्यायचा असतो. हे कलम मीच लिहिलं, आणि तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं.) तर समितीने निषेध करायचा ठरवलं, मजकूर भोंग्याने रचला, आणि पाठिंबा गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

आता माझा पराक्रम ऐक. दुकानात नजर तपासायला अक्षरांचा तक्ता असतो, वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणारं. मी तो काढला आणि तसाच नवा छापून आणला. वर तळहाताएवढ्या अक्षरांत 'नको'. त्याखाली 'चष्मेवाली कप्तान'. मग असंच बारीक होत होत तळाला मुंगीच्या पावलांएवढं, 'अन्यथा आम्ही टीव्ही बंद करू'. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, तक्ता मोठ्याने वाचायचं, आणि मी वहीत एक पाठिंबा लिहायचो. आठ दिवसांत एकशे बारा. (ज्यांना शेवटच्या दोन ओळी दिसल्या नाहीत त्यांना मी अर्धे धरले. माझ्याइतका सचोटीचा माणूस तुला शोधून सापडणार नाही.) नवव्या दिवशी एक आजीबाई खुर्चीत बसल्या, समोरचं 'नको' वाचून म्हणाल्या, नको तर नको बाबा, आणि उठून चालू लागल्या. तुझ्या भावजयीने त्यावरून माझा उद्धार केला, अबोला धरला, आणि मी जेवायला गेलो असताना नेहमीचा तक्ता पुन्हा लावून टाकला. मला सांगितलं नाही. माझ्याशी बोलत नव्हती ना.

त्याच दुपारी भोंगा आला. त्याला नोकरीसाठी नजरेचा दाखला हवा होता, दर दोन वर्षांनी लागतो. मी भिंतीकडे पाठ करून टेबलाशी दाखला भरायला बसलो आणि त्याला म्हटलं, वाच. तो छाती फुगवून सुरू झाला. 'नको' पासून 'टीव्ही बंद करू' पर्यंत एकही शब्द न अडखळता, असा काही वाचला की रस्त्यावरचे दोघं थांबले. मी लिहिलं, नजर उत्तम. सही करणार एवढ्यात तुझी भावजय अबोला मोडून म्हणाली, "अहो, जरा भिंतीकडे बघा."

भिंतीवर क, ट, म, घ. निषेधाचा एक शब्द नाही. गड्याने स्वतः रचलेला मजकूर पाठ म्हणून दाखवला होता. मी वरच्या भल्यामोठ्या अक्षराकडे बोट केलं आणि विचारलं, हे काय आहे. त्याने डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि म्हणाला, "आहे ना काहीतरी."

ताई, हा माणूस रोज सकाळी बेचाळीस माणसं बसमध्ये घालून पूल ओलांडतो. त्या बेचाळिसात तुझी भावजय असते. मी दाखला फाडला आणि सांगितलं, चष्मा लागल्याशिवाय मिळणार नाही. तो म्हणाला, चष्मा लावून डेपोत गेलो तर पोरं हसतील. मग रागाने उठला आणि दारातल्या आरशात स्वतःलाच म्हणाला, बाजूला व्हा.

त्या संध्याकाळी सातला नव्या कप्तानाचा पहिला भाग होता, मी टीव्ही लावला. कलम नऊ वगैरे सगळं चुलीत. पहिल्याच प्रसंगात सगळे खलाशी तिच्याकडे आमच्या समितीसारखे बघतायत, आणि ती बाई शांतपणे चष्मा काढते, सदऱ्याच्या टोकाने पुसते (तू असं कधी करू नकोस, भिंगांवर चरे पडतात), परत लावते, समोरचे काटे बघते आणि म्हणते, "हं, आता दिसतंय." आणि यान उचलते. मी रडलो, त्यात लपवायचं काय? तुझ्या भावजयीने भिंगं पुसायचं फडकं हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सभेत मी उभा राहून सांगितलं, पाहिला, आवडला, परत बघणार. भोंग्याने तिथल्या तिथे ठराव मांडला. मंडळातले दोघं भले लोक काल घरी येऊन गेले. म्हणाले, लिहून द्या की कुणाच्या तरी घरी गेलो होतो, तिथे टीव्ही चालू होता, चुकून दिसला, झालं, मिटलं. मी डोळ्यांचं दुकान चालवतो, आणि चुकून दिसलं असं लिहून देऊ? काढायचं तर काढा म्हणावं. दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन, पण ती आवडली म्हणायचं सोडणार नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा (रविवारी अकरापर्यंत अध्यक्ष)

ता.क. भोंगा काल मागच्या दाराने आला होता. चष्मा हवा, पण हुबेहूब कप्तानासारखा. ("फोटोत आहे तसा गोल," म्हणाला. म्हणजे फोटो नाकाशी धरून पाहिला असणार.) शनिवारी तयार होईल. मत मात्र माझ्याविरुद्धच देणार म्हणाला. देऊ दे, निदान हात कुणाविरुद्ध वर केला ते त्याला नीट दिसेल.

ता.क. दुसरा. सोबत एक कागद आहे. कलम नऊ रद्द करायला दोन्ही संस्थापकांच्या सह्या लागतात, आणि दुसरी संस्थापक तू. तुझं सभासदत्व मी रद्द केलं होतं, पण संस्थापक असणं कुणाला रद्द करता येत नाही, कलमं सगळी चाळून पाहिली. खाली उजवीकडे सही कर आणि शनिवारपर्यंत पोचेल असं पाठव. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता.क. तिसरा. सही करण्याआधी हे वाच. अकरा वर्षांपूर्वी चौथ्या कप्तानाचा पहिला भाग लागला, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून मीही तो पाहिला होता. मलाही तो आवडला होता. दुसऱ्या दिवशी तू भर सभेत उठून खरं बोललीस, आणि मी खुर्चीत बसून तुझं नाव खोडलं. माफी मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते मंडळाला. तुझी मागतो, ताई. सही नाही केलीस तरी मागतो.