मेंढरं माघारी आणा

दौंड,
६ जानेवारी २०२५

ती. सौ. गितामामीस,
सुषमाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि मामा शेजारी कान देऊन. ही गोष्ट आधी तुमच्याच कानावर घालायची आहे.

इथल्या स्पर्धेसाठी आम्ही आपल्या आजोबांच्या काळावर एकांकिका बसवतोय. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पाऊस लागला की माघारी यायचं, तो काळ. लिहिली मीच. मेंढका झालाय रेल्वेतला एक गार्ड. मेंढरं हाकायला शिट्टी मार म्हटलं तर गाडी सोडल्यासारखी मारतो! त्याला कसंही निभावून नेऊ, पण बिरोबाच्या ओव्यांना गळा मामांचाच हवा. नाहीतर सगळं शाळेच्या गॅदरिंगसारखं होईल.

सुरज मस्कतला गेल्यापासून मामांनी खुंटीवरचा ढोल काढलेला नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच विचारायची भीती वाटते. सोबत एकांकिकेचे कागद ठेवलेत. तुम्ही गोडीगुलाबीनं विचारून बघा, गूळ मी पाठवते.

लोभ तर आहेच, यंदा त्यात थोड्या वशिल्याची भर घालावी.

तुमची,
सुषमा

न्हावरे,
१४ जानेवारी २०२५

चि. सुषमास,
मामीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गूळ काही पोचला नाही.

जेवताना तुझे कागद मामांना वाचून दाखवले. आधी स्वारी खूश होती, मांडीवर ताल धरला होता. मग शेवट आला. मेंढरं कोकणात डोंगराकडं बघत उभी, आणि पडदा. भाकरी हातातच राहिली. मेंढरं तिकडंच ठिवून पडदा पाडती म्हंजी काय, त्यांना राखायचं कुणी, असं मलाच विचारायला लागले, जशी काही मीच ती तिथं सोडून आले. आन् सुंबरान मांडून देवाला बोलावल्यावर गोष्ट घरी आणल्याबिगर त्याला उठवायचं कसं, देव काय तिथंच बसून ऱ्हाईल व्हय, असंही म्हणाले.

तुला म्हणून सांगते, हा राग मेंढरांचा नाही. सुरज रांजणगावची कंपनी सोडून गेला त्याला दोन पावसाळे झाले. त्याचा फोन आला की हे उठून गोठ्यात जातात. आपली माणसं बी लांब जायची, पर पाऊस लागला की माघारी यायची, ह्याला कुठला पाऊस लागायचा, असं मला म्हणतात. त्याला एक शब्द बोलत नाहीत. बाप-लेकाच्या मधे माझा जीव मेटाकुटीला आलाय.

ओव्या म्हणतो म्हणालेत, पण मेंढरं घरी आणलीस तरच. बघ बाई, काय जमतं ते.

माया आहे तशीच ठेव, आणि गुळाचं बघ.

तुझी,
मामी

दौंड,
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

मामांनी चांगलंच अडवलं! माझे सगळे नट त्या शेवटावर जीव टाकतात. असा खुला शेवट परीक्षकांना आवडतो म्हणे. शिवाय दिलेली वेळ ओलांडली की नाटक बाद.

शेवटी आईला विचारलं. तिचा तर जन्मच कोकणातल्या पालात झालेला. ती म्हणाली की खुला शेवट म्हणजे दार उघडं टाकून झोपणं, आणि तिचा भाऊ बरोबर आहे. दोघं बहीणभाऊ एका बाजूला झाल्यावर मी कुठं जाणार? मेंढरं घरी आणते. मामांना म्हणावं, ओव्या जरा आवरत्या घ्या, आणि जुनी घोंगडी आणा. गुळाची ढेप एसटीनं पाठवली आहे.

जीव लावता तसाच लावत राहा.

सुषमा

दौंड,
१० फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

म्हशीनं नेमकं कालच व्यायचं ठरवलं आणि तुम्ही प्रयोगाला मुकलात! पारडी झाली का रेडा?

मामा काही आवरते होत नसतात, हे मला कळायला हवं होतं. घाट चढतानाच वेळ संपली. घंटा झाली, नियमाप्रमाणे दिवे गेले, माईक बंद झाला. मामा थांबले नाहीत. अंधारात, नुसत्या गळ्यावर चालू. आमचा गार्ड क्षणभर गांगरला, मग त्यानं चाचपडत ढोल धरला. प्रेक्षकांतून एकही माणूस उठला नाही. एकेक गाव मागं टाकत मेंढरं न्हावऱ्याच्या शिवारात आली. मग मामा घरी पोचलेल्यांची नावं घेऊ लागले. आजोबा, आजी, आईचं म्हाळसा हे नाव. आणि सगळ्यांत शेवटी, स्वतःचं नाव लावून, मेंढरांमागं तात्याबाचा सुरज घरी आला, असं गायले. मामी, मी विंगेत तोंडात पदर कोंबून रडले. मग त्यांनी देवाला निरोप दिला.

नाटक बाद झालं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. कुणीतरी आवाज टिपला होता, तो मी सुरजला पाठवला. रागावू नका.

माझ्यावरचा जीव या आगाऊपणानं कमी होऊ देऊ नका.

सुषमा

न्हावरे,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुषमास,
मामीचे अ. उ. आशीर्वाद.

पारडी झाली. मामा तिला नाटकी म्हणून हाक मारतात.

काल सुरजचा फोन आला. हे सवयीनं उठले, पण सुरज मला म्हणाला, आबांना दे. मी फोन पुढं केला. उंबऱ्यात थांबले, माघारी आले आणि घेतला, तोही उलटा! सरळ करून दिला. मग मामांनी एवढंच विचारलं, तिकडं पाऊस लागला का.

आता मस्कतला कसला आलाय पाऊस! त्याच सकाळच्या फोनवर मला कोरड्या आभाळाचं गाऱ्हाणं सांगून झालं होतं. पण पोरगं म्हणालं, लागला आबा, कालपासनं लागलाय, जत्रंला निघतोय.

मामा ढोलाला तेल लावत बसलेत. बिरोबाच्या जत्रेला तूही ये, गार्डालाही आण, शिट्टी मात्र दौंडलाच ठेवायला सांग.

तुझ्यावर जीव होताच, आता तो दुप्पट झालाय.

तुझी,
मामी