पार्लारे आणि दोन बिस्किटं

रविवार संध्याकाळ, अवोन्डेल.

सूनबाई, माझ्या रोजनिशीत सांगते तसंच लिही. माझी नात रेवा आज शेजारच्या इटालियन आजीकडून बिस्किटं आणि एक शब्द घेऊन आली. पार्लारे, म्हणजे बोलणं. मुळात म्हणे तो दृष्टांत सांगण्याचा शब्द. गोष्टी सांगता सांगता त्याचं नुसतं बोलणं झालं. "सो कूल, आजी!" कूल म्हणे! मी हिला जन्मापासून गोष्टी सांगतेय, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि तिकडे दोन बिस्किटांवर इटालियन? जळले मी. हसू नकोस, लिही.

जेवताना गोष्टीतल्या कोल्ह्याला विहिरीत पाडलं आणि गप्प बसले.

"देन व्हॉट?"

मी आपली वरण वाढत राहिले.

"आजी, पुढे काय झालं? सांग ना!"

आलं की मराठी, बिस्किटांशिवाय!

खरं तर गोष्ट तिथेच संपते. मी कोल्ह्याला बाहेर काढलं आणि पुढच्या गावाला धाडलं.