आईचं नाव राहिलं

सोलापूर, ता. ९ ऑगस्ट १९७४

प्रिय आई,
प्रभूमध्ये सलाम.

मी आणि रूथ बरे आहोत. भाकरी मीच करतो, जाड होते, पण ती खाते. तुझा गुडघा कसा आहे?

घरची प्रार्थना मार्था करायची, मी नुसता आमेन म्हणायचो. ती गेल्यापासून प्रार्थना बंदच होती. काल संध्याकाळी बसलो. सगळ्यांची नावं घेतली आणि थांबलो.

रूथ म्हणाली, "बाबा, आईचं राहिलं की."

गेलेल्यांसाठी आपल्यात देवाकडे काही मागत नाहीत, हे तिला कसं सांगू? म्हणालो, "आईबद्दल आता आभार मानायचे. तूच मान."

आई वेण्या घट्ट घालायची, याबद्दल तिने आभार मानले. मी आमेन म्हणालो.

आज पुन्हा बसणार आहोत.

तुझा,
शांतवन