सहावी कडी

मी, वेल्डिंग आणि फिटिंगच्या कामावर जन्मभर पोट भरलेला माणूस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, माझ्यामागे कोणाला काय मिळावं हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे माझं मत नाही, डॉक्टरांचं आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी एकावन्नपर्यंत पोचलो तेव्हा तेच कंटाळून म्हणाले, "पुरे, पुरे." मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. सकाळी एक गोळी घेतली आहे, पण ती पोट साफ होण्याची आहे, गुंगीची नाही.

माझी शाळा सहावीपर्यंत झाली. वकिलांचा कारकून म्हणाला होता, "काका, मी टाइप करून देतो, सुबक दिसेल." पण टाइप केलेला कागद कोणीही कोणाच्याही नावावर खपवू शकतो. माझं अक्षर इतकं वाईट आहे की त्याची नक्कल कोणाला जमायची नाही. मधेच शाई बदललेली दिसली तर त्यात काही काळंबेरं नाही, पहिलं पेन संपलं एवढाच अर्थ घ्यावा.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची शेड, माझ्या पत्नीला. ती आहे तोवर तिला कोणी हलवायचं नाही, कितीही गोड बोलून. तिच्यानंतर आमच्या मुलीला. पुढचं दार लावताना किंचित उचलून लावावं लागतं, नाहीतर कडी बसल्यासारखी वाटते पण बसत नाही. गॅसची चावी झोपण्यापूर्वी दोनदा बघावी. मी तीनदा बघतो, पण दोनदा पुरे. न्हाणीघराचा नळ घट्ट पिळू नये, आतलं रबर मी मागच्याच महिन्यात बदललं आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीला. पासबुक कपाटात चादरींच्या खाली आहे. हे तिला माहीत नाही असं मला वाटत होतं. आत्ता लिहिताना ती मागून वाचत होती आणि म्हणाली, "अहो, तिथे नाहीये ते. चादरी धुवायला काढल्या तेव्हाच मी डब्यात ठेवलं." तरी डब्यात पाहावं.

कलम ३. हत्यारं. वेल्डिंगचं मशीन तंत्रशाळेला द्यावं, पण आधी त्याची केबल बदलावी. एका ठिकाणी वरचं रबर फाटलंय आणि मी चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलतो आहे. त्या पट्टीवर कोणी विश्वास ठेवू नये. पाने, कानशी, ड्रिल आणि लोखंड पकडायचा व्हाइस मुलीला. ती जनावरांची डॉक्टर आहे, तिला व्हाइस कशाला, असं तिची आई म्हणते. पण लहानपणी ती माझ्याशेजारी स्टुलावर बसून नट-बोल्ट वेगळे करायची आणि एकदाही चुकली नाही. छताला टांगलेली साखळीची कप्पी विकू नये. ती का, हे कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. शेजारचा शिंपी. याला काहीच नाही. माझं धार लावायचं मशीन त्याने कात्र्यांसाठी नेलं आणि त्याचा पट्टा तोडून परत केलं, हे एक. दुसरं असं की माझ्या धाकट्या भावाला 'तीनगाठी' हे नाव त्याने पाडलं. माझा भाऊ पार्सलच्या दुकानात काम करतो. साधा चपलांचा खोका असला तरी तो दोरीला तीन गाठी मारतो, पुन्हा ओढून पाहतो, आणि गिऱ्हाइकाला दारातून परत बोलावून आणखी एकदा पाहतो. शिंपी एकदा भर रांगेत म्हणाला, "अहो तीनगाठी, आत चपला आहेत, वाघ नाहीये!" सगळे हसले. भाऊही हसला. मी शिंप्याशी बावीस वर्षांत सरळ बोललेलो नाही.

आता मला असं वाटतं की शिंप्यावरचा हा राग खरं म्हणजे त्याच्यावरचा नाही. म्हणून कलम ४ मधला चपलांचा भाग रद्द समजावा. मशीनच्या पट्ट्याचा भाग कायम.

कलम ५. जीप. हे कलम मी चार दिवस पुढे ढकलतो आहे. मधे नळही उघडून पुन्हा बसवला.

ही जीप मी आणि भावाने मिळून घेतली. चारही चाकांना जोर लागणारी, मागे उघडी, जुनी. जिथे ट्रक चढत नाही तिथे आम्ही माल पोचवायचो: पाण्याच्या टाक्या, पंप, लोखंड. माझ्याकडे गाडी आणि दुरुस्ती, त्याच्याकडे माल बांधणं. तो बांधायचा तसा मी कोणाला बांधताना पाहिलेलं नाही. जाड पट्ट्याला एकच गाठ, हात लावला की पट्टा वाजेल अशी.

आधी माल बाजूच्या नळ्यांना बांधायचो. चढावर तो डुलायचा. भाऊ म्हणाला, "दादा, याला खालून धरलं पाहिजे. गाडीच्या तळाला कड्या बसव." मी सहा कड्या बसवायचं ठरवलं, चार कोपऱ्यांत आणि दोन मधे. काम असं असतं: गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो. नुसतं भोक पाडून बोल्ट घातला तर बोल्ट तुटत नाही, पत्राच फाटतो. म्हणून पत्र्याच्या खालून हाताच्या पंजाएवढी जाड लोखंडी पट्टी लावायची आणि बोल्ट तिच्यातून घ्यायचा. मग ओढ सगळ्या पट्टीवर पसरते. आणि कडी बसली की छताच्या कप्पीने ओढून पाहायची, गाडीचं मागचं अंग उचललं जाईपर्यंत. तोवर ती कडी झाली असं म्हणायचं नाही. हा माझा स्वतःचा नियम होता. कोणी शिकवलेला नाही.

पाच कड्या तशा बसवल्या. सहावी, मागची उजवी, पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर वर येत होती. पट्टी लावायला हात जाईना. टाकी उतरवावी लागणार होती, म्हणजे आणखी अर्धा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या दवाखान्यात जनरेटर पोचवायचा होता. मी वरून नुसती वायसरची मोठी चकती घातली, खालून बोटं घालून नट आवळला, आणि सहाही कड्यांना एकच काळा रंग मारला. रंग ओला म्हणून ती ओढून पाहिली नाही. असं मी स्वतःला सांगितलं.

भाऊ आला. एकेका कडीला पायाने ठोकून म्हणाला, "सहाही ओढून बघितल्यास ना?"

मी म्हणालो, "बघितल्या."

शेवटच्या चढावर सहावी कडी पत्र्यासकट उपटून आली. जनरेटर तिरका झाला आणि मागे बसलेल्या भावाच्या गुडघ्यावर आला. माल उचलायला दवाखान्यातली माणसं धावत आली तेव्हा पट्ट्याच्या टोकाला ती कडी लोंबत होती. मी ती सोडवून खिशात टाकली. त्याचा पाय सोडवण्याआधी. हे मी इथे लिहितो, कारण हे अजून कोणालाच ठाऊक नाही, पत्नीलाही नाही.

पाय वाचला, पण गुडघा वाकत नाही. तिसऱ्या दिवशी खाटेवरून तो मला म्हणाला, "दादा, माझाच पट्टा ढिला राहिला असणार. त्या दिवशी घाई केली मी."

मी म्हणालो, "जाऊ दे. होतं असं कधीकधी."

म्हणजे मी त्याला माफ केलं. माझी चूक, आणि माफी मी त्याला दिली. तो त्यासाठी अजून माझे उपकार मानतो. त्यानंतर त्याने गाडीवर माल बांधला नाही. मुलीने मागे एकदा औषधांच्या पेट्या बांधायला त्याला बोलावलं, तर म्हणाला, "नको गं, माझा हात चांगला नाही." बांधण्यात ज्याच्यासारखा हात मी पाहिला नाही, तो माणूस हे बोलला, आणि मी तिथेच उभा राहून चाकाची हवा बघत होतो.

नंतर मी टाकी उतरवली. सहाव्या कडीला पट्टी लावली, बाकीच्यांपेक्षा दुप्पट जाड, आणि कप्पीने ओढून पाहिली. आता सहाही पक्क्या आहेत. ज्याला लोखंड कळतं तो खाली झोपून पाहील तर त्याला पाच पट्ट्या एका वयाच्या दिसतील आणि सहावी वेगळी.

कलम ६. म्हणून जीप, कप्पी आणि खिशातली ती जुनी कडी (आता लाकडी पेटीत, फडक्यात) माझ्या धाकट्या भावाला द्यावी. माझ्यामागे कलम ५ त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

हे लिहून मी कागद पत्नीपुढे ठेवला. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. खिशाचा भाग दोनदा वाचला. मग म्हणाली, "मेल्यावर खरं बोलणार तुम्ही? आणि भाऊजींनी भांडायचं कोणाशी? माझ्याशी?"

मी म्हणालो, माझा रक्तदाब बघ आधी.

ती म्हणाली, "रक्तदाबाला काय झालंय! फोन लावा त्यांना."

मी लावला नाही. तिने लावला.

कलम ७. कलम ६ रद्द. कारण खालीलप्रमाणे.

भाऊ आज सकाळी आला. मी त्याला कागद दिला आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. दोन पेले भरले, ओतले, पुन्हा भरले. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. शेडमध्ये पाहिलं तर जीपखालून त्याचे पाय बाहेर आलेले, एक वाकवलेला आणि एक सरळ. बॅटरीचा उजेड खाली फिरत होता. मला भीती वाटली की जॅक नाही लावला, मग लक्षात आलं की गाडी चाकांवरच आहे.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "दुप्पट जाड आहे."

"हो."

"ही आधी लावायची होतीस."

"हो."

त्याला बाहेर यायला मी हात दिला. त्याने तो घेतला नाही, चाकाला धरून उठला. केसांत गंज पडला होता. म्हणाला, "बावीस वर्षं मी तीन गाठी मारतोय, दादा. बायको म्हणते पिशवीला पण मारता. रात्री उठून मी आठवायचो, कुठे ढिला राहिला असेल पट्टा. बोटांची एकेक हालचाल आठवायचो. आणि तुझ्याकडे पेटीत कडी होती."

मी म्हणालो, जीप तुझी, आजपासून.

"जीप नको मला." त्याने पँट झटकली. "जीप घेतली की तुला वाटेल, दिलं आणि फिटलं. नाही फिटायचं ते. कडी दे." कडी मी दिली. मग त्याने विचारलं, "साक्षीदार लागतात ना याला?"

कारकुनाने सांगितलं होतं तेच मी त्याला सांगितलं, की जो साक्षीला सही करतो त्याला इच्छापत्रातलं काही मिळत नाही.

"तेच तर," तो म्हणाला. "आण पेन."

दुसरा साक्षीदार हवा म्हणून त्याने कुंपणावरून शिंप्याला हाक मारली. शिंपी आला, आणि येताना मशीनचा नवा पट्टा घेऊन आला. म्हणाला, हा चार वर्षं दुकानात पडून आहे, पण तुम्ही बोलाल तर देईन ना. कलम ४ पूर्ण रद्द.

म्हणून आता असं: जीप आणि कप्पी मुलीला. अट एक. सहाही कड्या वर्षातून एकदा कप्पीने ओढून पाहायच्या, आणि तेव्हा काकाला बोलवायचं. तो आला तर बरं. मी त्याला विचारलं, येशील का? तो म्हणाला, "पोरीसाठी येईन. तुझ्यासाठी बघू." हे जसंच्या तसं लिहिलं आहे.

घराचे कागद, गाडीचे कागद आणि पासबुक (डब्यात होतं) यांचं एक पुडकं केलं आहे. दोरी मी बांधायला घेतली. भावाने ती माझ्या हातातून घेतली, वळसा दिला, एक गाठ मारली आणि पुडकं टेबलावर ठेवलं. मी वाट पाहिली. त्याने पुन्हा हात लावला नाही.

मी ओढून पाहिलं. पक्की आहे.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार, दुपार

इच्छापत्र करणाऱ्याची सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा (सही कोणाला वाचता येईल न येईल म्हणून ठसाही दिला)

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. सही माझ्यासमोर झाली. आतलं वाचलं नाही, मला कलम ४ तेवढं दाखवलं.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. मी सगळं वाचलं आहे आणि खालून पाहिलंही आहे. माझा पट्टा ढिला नव्हता.