चार म्हणजे चार

३ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, गुडघा धरलाय म्हणून उभ्यानेच. वि. वि.

गावाचं या महिन्याचं वार्तापत्रक काढून झालं, सोबत पाठवतेय. शाळेच्या छपाईयंत्राची शाई संपत आलीय, त्यामुळे शेवटचे दोन कार्यक्रम पुसट दिसतील. ते तसेही होणार नाहीत. बारा तारखेला डोळे तपासणीचं शिबिर आहे. त्याची जाहिरात इतक्या बारीक अक्षरांत आलीय की जो ती वाचेल त्याला शिबिराची गरज नाही. बावीसला रस्सीखेच. गेल्या वर्षी दोर मधोमध तुटला आणि पंचांनी दोन्ही संघांना विजयी केलं, तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. हेडमास्तरांचं 'वेळेचं महत्त्व' हे व्याख्यान गेल्या रविवारी पार पडलं, सव्वा तास उशिरा. श्रोते त्याहून उशिरा आले, म्हणून कुणाचं काही बुडालं नाही.

एवढं नमनाला घडाभर तेल घातलं, आता मुद्द्याचं. पत्रकातली चौकट बघ. एकोणतीसला, रविवारी दुपारी चारला, वाचनालयाची वार्षिक सभा आहे. विषय तिसरा: 'वाचनालयाच्या जागेचा अधिक उपयुक्त विनियोग.' भाषा अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे तोच तो गिरणीवाला, एकोणीस वर्षं झाली, खुर्चीला घट्ट बसलाय. आणि विनियोग म्हणजे त्याच्या पोत्यांचं गोदाम. पुस्तकं शाळेच्या जिन्याखाली जाणार आणि मागच्या ज्या दोन खोल्यांत मी वाचनालय सांभाळत चोवीस वर्षं राहतेय, तिथे भुसा भरणार. माझं काय, म्हणून विचारलं तर म्हणाला, ताई, तुम्हाला भाऊ आहे की.

सभेचा तमाशा तुला ठाऊक आहे. एकवीस सभासद जमले तर गणसंख्या पुरी. चारला कुणीच नसतं. मग सभा तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा, आणि त्या दुसऱ्या सभेला गणसंख्येची अट नाही. त्यामुळे इथल्या तान्ह्या पोरालाही पाठ आहे की चारची सभा साडेचारला असते. साडेचारला अध्यक्ष आपल्या सात माणसांसह उगवतो, सात हात वर होतात आणि चहा येतो. माझ्या बाजूने माणसं जमतील रे, पण पंचक्रोशीत गिरणी एकच. त्याच्या तोंडावर विरोधात हात वर करायचा म्हणजे वर्षभर जाडं पीठ खायचं. न्हावी म्हणाला, ताई, मन तुमच्याकडे आहे, पण तोंडात दात चारच उरलेत.

मला इथून हलायचं नाही, दादा. एवढं एकच वाक्य गंभीर लिहिते.

लोभ असावा, नसला तरी पत्र असावं.

तुझी धाकटी


८ मार्च

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातला एक खास गुडघ्यासाठी.

पत्रक वाचलं. तीस वर्षं स्टँडवर बसून गाड्या मिनिटाच्या हिशेबाने सोडलेल्या माणसाला 'सव्वा तास उशिरा' असं सहज लिहून पाठवू नये. छातीत धडधडतं.

गिरणीवाला गाढव आहे यात वाद नाही. पण गाढवही एखादं वाक्य बरोबर बोलून जातं. तुला भाऊ आहे. तुझी वहिनी जाऊन चार वर्षं झाली, पलीकडची खोली तेव्हापासून बंद. खिडकी पूर्वेला आहे, खाली दवाखाना आहे, पायऱ्याही नऊच. स्वयंपाकाला बाई येते, ती कशातच मीठ घालत नाही. डॉक्टरांनी काही सांगायचं ते तिला सांगितलंय, मला नाही. इथे येऊन तिच्याशी भांडलीस तरी मला पुष्कळ आहे. त्या जुनाट कपाटांसाठी साठीला आलेल्या बाईने किती जीव टाकावा?

तरी पण ट्रंकेतून वाचनालयाची नियमावली काढली. खोड जात नाही. कलम नऊ असं सांगतं की गणसंख्या आहे आणि अध्यक्ष वेळेवर हजर नाही, तर हजर सभासद आपल्यातूनच एकाला त्या सभेपुरता अध्यक्ष निवडतात. म्हणजे चारच्या ठोक्याला एकवीस डोकी आत असली, तर सभा पक्की. साडेचारला गिरणीवाला येईल तोवर ठराव वहीत चढलेला असेल आणि कुणालाही त्याच्या तोंडावर हात वर करावा लागणार नाही.

हे मी तुला कशाला लिहून बसलो कोण जाणे. खोलीचा विचार कर.

लोभ वाढता ठेवावा, मीठही.

तुझा दादा


१४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज गुडघ्याला न जुमानता वाकून केला, कलम नऊसाठी.

तू माणूस नाहीस, चालतीबोलती नियमावली आहेस. पत्र वाचलं आणि मी कपाटांच्या मधून एकटीच हसत फिरले. वाचनालयात तेव्हा गिरणीवाल्याची बायको होती. ती रोज दुपारी दोन तास येऊन बसते, पुस्तक उघडते आणि पान काही उलटत नाही. तिला वाटलं मला ऊन लागलं; पाणी आणून दिलं. मी चकार शब्द बोलले नाही. शेवटी शत्रूच्या गोटातली.

शिबिर झालं. डॉक्टर स्वतःचा चष्मा विसरून आले होते, बाकी छान. आता मोजणी ऐक. मी, न्हावी, नर्सबाई आणि जनावरांचा डॉक्टर, हे चार. शाळेतल्या चार बाई, आठ. रस्सीखेचीचे दोन्ही संघ मिळून अकरा, एकोणीस. त्यांना दोन कोपऱ्यांत बसवायचं कबूल केलंय. हेडमास्तर चिटणीस म्हणून वही घेऊन येणारच. आपण तटस्थ राहणार म्हणाले. राहोत बापडे, मोजणीत तटस्थ माणूसही एक भरतो. असे वीस झाले.

खरी अडचण माणसांची नाही, वेळेची आहे. चारला साडेचार म्हणणं यांच्या हाडीमासी खिळलंय. म्हणून मी एकेकाला गाठून कानात सांगितलंय की सभा साडेतीनला आहे. म्हणजे चारला पोचतील. खरी वेळ फक्त तुला सांगतेय, कारण आपल्यात चारला चार म्हणणारा तू एकटाच.

हो, एकविसावा तू. तू आजीव सभासद आहेस, नाव अजून वहीत आहे, पाहून घेतलं. दुसरं कुणी उरलं नाही रे. उरलेले सगळे त्याचे नातलग नाहीतर भित्रे. तुझ्या खोलीबद्दल लिहिलंस ते वाचलं, दोनदा वाचलं. पण माझं घर इथे आहे. ये, दादा. तुझ्याशिवाय हे होत नाही.

लोभ आहेच, तो घेऊन ये.

धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,

अ. आ.

येतो. रविवारची गाडी तीन चाळीसला तुमच्याकडे लागते, स्टँडपासून वाचनालय दोनशे पावलं. चहा नको, वेळ जातो.

दादा


२९ मार्च, संध्याकाळ

चि. धाकटीस,

अ. आ.

मोठी फजिती झाली. निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत बघत राहिला, आम्ही ड्रायव्हरकडे बघत राहिलो. शेवटी उलट्या दिशेची गाडी मिळाली ती धरून परत आलो. सभेचं काय झालं असेल ते आलंच लक्षात. वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या हाती होतं तेवढं केलं.

पलीकडच्या खोलीला रंग दिलाय, फिकट पिवळा. सामान कसं आणायचं ते कळव, टेंपोवाला ओळखीचा आहे.

काळजी नसावी.

दादा


१ एप्रिल

ती. दादास,

न. वि. वि.

आजच्या तारखेवर जाऊ नकोस, लिहितेय ते सगळं खरं आहे.

साडेतीन सांगितल्यामुळे मंडळी चारला पाच कमी असताना आली. रस्सीखेचवाले दोन कोपऱ्यांत गेले. हेडमास्तरांनी वही उघडली, डोकी मोजली, परत मोजली आणि घड्याळाकडे बघत वीस म्हणाले. तेव्हा न्हावी माझ्याकडे वाकून म्हणाला की काळजी नको ताई, दादा आलेत. दुकान बंद करताना पाहिलं, स्टँडसमोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलेत, दमले असतील म्हणून हाक मारली नाही, येतीलच इतक्यात.

माणूस पाठवून तुला बोलवावं असं आलं मनात. नाही पाठवला. ओढून आणलेला भाऊ मला नको होता. चार मिनिटं मी दाराकडे बघत राहिले. इतकी लांब चार मिनिटं मी आयुष्यात काढली नाहीत.

चारला दार उघडलं आणि गिरणीवाल्याची बायको आत आली. सभासद तीही होती, माझ्या मोजणीत आली नव्हती एवढंच. वहीत सही केली, पहिल्या रांगेत बसली. हेडमास्तरांच्या हातातलं पेन खाली पडलं. ती उठून म्हणाली की आमच्या घराची एक भिंत गिरणीची आहे, सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत डोक्यात जातं फिरतं. माझा मलाच श्वास ऐकू येतो अशी जागा मला हीच एक आहे, आणि आता हिच्यातही त्यांना पोती भरायचीत. मग मला कळलं, बाई पान का उलटत नव्हती. नर्सबाईंना अध्यक्ष केलं, 'ही जागा आणि मागच्या दोन खोल्या कुणालाही, कशासाठीही देऊ नयेत' असा ठराव मी मांडला, पहिला हात तिचा वर गेला. तटस्थ हेडमास्तरांचाही गेला. तो खांदा आखडलाय म्हणून, असं त्यांचं म्हणणं. अनुमोदन कुणी द्यायचं यावरून दोन्ही संघ हमरीतुमरीवर आले, तेव्हा दोघांचीही नावं लिहिली. बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

साडेचारला अध्यक्ष सात माणसांसह आला, कागद उलगडला आणि मान वर न करता वाचलं की गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. मग मान वर केली. समोर एकवीस माणसं, त्यात बायको. हेडमास्तर नम्रपणे म्हणाले की आभारप्रदर्शन चालू आहे, बसा. बसला बिचारा. कुणाचं पीठ जाडं आलं तर मला सांगायचं, असं त्याच्या बायकोने चहा देता देता सगळ्यांना सांगितलं.

तर माझं घर राहिलं. आता तुझं बोल. तुझी गाडी वेळेवर आली होती, दादा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बंद पडल्याची कारणं लिहून घेतलीस, स्वतःची तरी नीट रचायचीस. मला राग आलाय. का बसलास तिथे, ते लिही. खरं लिहिणार नसशील तर काहीच लिहू नकोस.

लोभाचं नंतर पाहू.

धाकटी


५ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी लिहितो.

गाडी तीन अडतीसला लागली, दोन मिनिटं आधीच. उतरलो, बाकापर्यंत आलो. म्हटलं, जरा टेकावं. मग तुझं वाचनालय दिसलं आणि मनात आलं की आत गेलो तर ती इथेच राहणार, नाही गेलो तर माझ्याकडे येणार. इतकं सोपं होतं. चारचे ठोके पडले तेव्हा डोळे मिटून घेतले. पाच दहाच्या गाडीने परत आलो आणि घरी येऊन तुला थाप लिहिली.

धाकटे, या घरात मी दिवसचे दिवस कुणाशी बोलत नाही. बाई येते, भांडी वाजवते, जाते. कधी वाटतं की मी मेलो तर अळणी आमटी तशीच राहिल्यावरच ते कुणाच्या लक्षात येईल. तू हरावीस असं मला वाटलं. सख्खा भाऊ असून वाटलं. तुझं घर जावं, म्हणजे माझं भरेल, असा विचार मी त्या बाकावर दीड तास बसून केला. आणि एका परक्या बाईने जे केलं, ते मला दोनशे पावलं चालून करता आलं नाही.

माफी मागायची रीत वडील भावाला शिकवलेली नसते. मागतो, एवढंच.

दादा


८ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुला मोठ्याने शिव्या दिल्या. गिरणीवाली समोर होती. तिने पहिल्यांदाच पुस्तकाचं पान उलटलं.

तू परका असतास तर मी हरावं असं तुला वाटलं नसतं, इतकं मला कळतं. पण माझं घर मोडून तुझं भरणार नव्हतं. हे तुलाही कळत होतं, म्हणून तर डोळे मिटलेस.

मागच्या दोन खोल्यांतली एक मी रिकामी केलीय. रंगबिंग काही नाही, खिडकी पश्चिमेला, मीठ भरपूर. टेंपोवाला तुझ्या ओळखीचा आहेच. पत्रकाचं काम अर्धं तुझं; तारखा आणि वेळा तू लिहायच्यास, टिंगल मी करीन.

शनिवारी ये. आणि त्या बाकावर बसू नकोस, सरळ आत ये.

तुझी धाकटी