पाच महिन्यांचं अंतर

नेर, जि. यवतमाळ
७ फेब्रुवारी २०२६

प्रिय शाम,

तुला आणि उज्ज्वलाला आशीर्वाद. याडी बरी आहे. लेकाला जर्मनीत ज्वारीची भाकर मिळते का, हे तिनं यावेळीही विचारायला सांगितलंय. कापूस घरात आला. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच हसतोस, मग मला पुढचं बोलता येत नाही.

परवा शाळेत तुझी किडनीची फाइल बघणाऱ्या तिथल्या ऑफिसातल्या बाईंचा किस्सा सांगितला. सहा वर्षं तू तिथं वेल्डिंग करतोस, कर भरतोस. पण भावाची किडनी घ्यायची तर तो सख्खा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. माझी जन्मतारीख एक जून, तुझी एक नोव्हेंबर, साल एकच. "तुमची आई पाच महिन्यांत दोनदा बाळंत झाली का?" मास्तर लोक पोट धरून हसले. त्या बाईंना काय माहीत, बानं आपल्या दोघांना एकाच दिवशी आश्रमशाळेत नेऊन उभं केलं होतं आणि हेडमास्तरांनी उंची पाहून तारखा वाटल्या होत्या. तुझी साधारण बरोबर बसली. माझी दोन वर्षं गायब झाली.

मीही हसलो. आता हेडमास्तर मीच आहे ना.

माझ्या खऱ्या जन्मनोंदीचा कागद का मिळत नाही, हे आठ महिने तुला सांगत आलो: तहसीलचा बाबू रजेवर आहे, साहेबांची बदली झाली, जुन्या वह्यांना वाळवी लागली. कचेऱ्यांची टिंगल मला चांगली जमते आणि ऐकणाऱ्याला ती खरीच वाटते. दिवाळीत तू डायलिसिसवरून उठून फोन केलास. म्हणालास, "भाऊ, लय चकरा मारून राह्यला तू माह्यासाठी. थकशीन." त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढंच केलं.

शाम, बाबू रजेवर नव्हता. कोतवाल बुकात, गावच्या जन्ममृत्यूच्या त्या जुन्या वहीत, माझा जन्म नीट लिहिलेला आहे, तुझ्याआधी अडीच वर्षं. नक्कल त्यानं जूनमध्येच काढून दिली, वर चहा पाजला. तेव्हापासून ती माझ्या कपाटात होती. ती बाहेर आली की मी दोन वर्षं आधी रिटायर. चौकशी लागली तर ती वेगळी. रोज म्हणायचो, उद्या पाठवू. खुर्चीवर बसलेल्या माणसाला उद्या कधीच जवळ दिसत नाही.

मंगळवारी उज्ज्वलाचा फोन आला. रडली नाही. "भाऊजी, आता धावपळ नका करू. मुदत गेली, फाइल बंद केली त्यायनं." नवा अर्ज केला तर वर्ष लागेल आणि डॉक्टर आता वर्षाची भाषा करत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. मग माझीच समजूत काढली. तुम्ही खूप केलं, म्हणाली. मी 'हो' म्हणालो.

काल तिला नक्कल पाठवली. एक प्रत शिक्षण खात्यात दिली, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. अर्ज पुन्हा करा. माझ्या तपासण्या नागपुरात करून ठेवतो. बोलावतील त्या दिवशी निघेन. याडीला काही सांगितलेलं नाही. तुला वाटेल ते तू सांग.

माझा फोन नको उचलू. दवाखान्याचा उचल.

तुझा सख्खा भाऊ, आता फक्त कागदावर,
खेमसिंग